नडगीचं ऑपरेशन बिघडलं, पाय आखूड राहिला: डॉक्टरांवर दावा करता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा. कणकवली तालुक्यातलं कुटुंब. वडील ५८ वर्षांचे, आंब्याच्या बागा कराराने घेतात. मे महिन्याच्या अखेरीस पावसाआधी कौलं परतताना शिडीवरून पडले आणि डाव्या नडगीचं हाड खालच्या बाजूला मोडलं. तालुक्याच्या खाजगी हॉस्पिटलमध्ये प्लेट बसवली. टाके काढल्यावरही जखमेतून पाणी येत राहिलं, हाड जुळलं नाही. पाच महिन्यांनी कोल्हापूरला नेलं. तिथे प्लेट काढून पायाभोवती बाहेरून रिंग (हाड धरून ठेवणारी धातूची चौकट) बसवावी लागली. आता पाय आखूड आहे, काठीशिवाय चालता येत नाही. पहिल्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं. मुलगा विचारतो: पहिल्या डॉक्टरांवर दावा होईल का, कुठे करायचा आणि किती मिळतील?

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या ग्राहक आयोगांपुढे वकिली करतो. बहुतेक वेळा रुग्णाच्या बाजूने, काही वेळा डॉक्टरांच्याही. दोन्ही बाजूंच्या फायली हाताळून जे कळलं ते सांगतो.

पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, म्हणून असा दावा ग्राहक आयोगापुढे करता येतो. आधी तारीख पाहा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला पटण्यासारखं कारण लागतं, आणि ‘आम्हाला कायदा माहीत नव्हता’ हे कारण सहसा चालत नाही. ही दोन वर्षं पहिल्या ऑपरेशनपासून मोजायची की कोल्हापूरच्या, यावर वाद घालता येतो. तो वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. पहिल्या ऑपरेशनची तारीख धरा. म्हणजे हातात साधारण सहा महिने आहेत आणि त्यातले दोन तरी कागद जमवण्यात जातील.

आता मुख्य मुद्दा. पाय आखूड राहिला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. नडगीच्या खालच्या भागाला रक्तपुरवठा मुळातच कमी, वरून मांसाचं आवरण पातळ. तिथलं हाड चांगल्या सर्जनच्या हातूनही कधी जुळत नाही, कधी त्यात जंतुसंसर्ग होतो. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) जी कसोटी मान्य केली ती हीच: त्या शाखेतल्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी या डॉक्टरने घेतली का? उपचाराच्या दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली आणि ती लागू पडली नाही, तर तो निष्काळजीपणा नव्हे. तेव्हा ‘प्लेटऐवजी रॉड का नाही घातला’ हा तुमचा पहिला मुद्दा असेल तर तो बाजूला ठेवा. त्यावर दोन तज्ज्ञ दोन मतं देतील आणि तक्रार तिथेच संपेल.

तुमची केस आहे ती त्या पाच महिन्यांत. हाडांच्या बहुतेक तक्रारींचा निकाल ऑपरेशननंतरच्या दिवसांवर लागतो असं मी पाहत आलो आहे. रुग्णाने त्रास होतोय असं कधी सांगितलं, कोणाला सांगितलं आणि त्यावर काय केलं गेलं? जखमेतून पाणी येत असताना त्याचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायला, पाठवला का? जंतुसंसर्गाचा अंदाज देणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या केल्या का? किती वेळा एक्स-रे काढला? की प्रत्येक भेटीत ‘सुकेल, घाबरू नका’ म्हणून गोळ्या बदलून दिल्या? जंतुसंसर्ग होणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे. तो समोर दिसत असताना महिनोन्‌महिने न शोधणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि दावा त्यावर उभा राहतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका फाईलवरून सांगतो. लहान मुलगा झाडावरून पडला, कोपराच्या वरचं हाड मोडलं, प्लास्टर घालून रात्री ॲडमिट ठेवला. सकाळपर्यंत बोटं निळी आणि पुढे हात कायमचा आक्रसलेला. डॉक्टरांचं म्हणणं, असा मार लागल्यावर हे होऊ शकतं. पण नर्सच्या चार्टवर रात्रभरात तीनदा एकच नोंद होती: ‘पेन प्लस प्लस, इंजेक्शन दिलं’. डॉक्टरांची पुढची नोंद थेट सकाळच्या राउंडची. प्लास्टरच्या आत दाब वाढला की दुखणं इजेच्या मानाने फारच जास्त असतं, बोटं सरळ करू गेलं की मूल किंचाळतं आणि वेदनाशामकाने फरक पडत नाही. मनगटावर नाडी लागत असली तरी आत स्नायू मरत असतात. साधारण सहा तासांत प्लास्टर चिरून, गरज पडली तर ऑपरेशन करून दाब मोकळा केला नाही, तर नुकसान कायमचं होतं. तिसरं इंजेक्शन देताना कोणीतरी प्लास्टर कापायला हवं होतं, हे सांगायला त्या तीन ओळी पुरेशा होत्या. तो चार्ट मिळाला नसता तर केस उभीच राहिली नसती.

या बाबतीत कोकणाचं एक खास दुखणं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत ऑर्थोपेडिक सर्जन मुक्कामाला नसतात. कोल्हापूर, गोवा, मुंबई इथून ठरलेल्या वारी येतात, पाठोपाठ ऑपरेशनं करतात आणि परत जातात. त्यात गैर काही नाही. ते येत नसते तर प्रत्येक मोडलेला पाय घाट चढून न्यावा लागला असता. पण सर गुरुवारी येऊन गेले तर पुढच्या बुधवारपर्यंत जखम कोण बघतं? ड्रेसिंग कोण करतं, त्याचं शिक्षण काय, ताप आला तर सरांना फोन गेल्याची नोंद आहे का? तुमच्या वडिलांच्या बाबतीत हेच घडलं असेल, तर तक्रारीत हॉस्पिटल आणि सर्जन दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते) करा. सविता गर्ग खटल्यात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की हॉस्पिटल आपल्याकडे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या चुकीला जबाबदार असतं आणि योग्य काळजी घेतली हे हॉस्पिटलनेच दाखवायचं असतं. ‘ते आमचे नोकर नाहीत, व्हिजिटिंग आहेत’ हा बचाव तिथे टिकला नाही.

मोडलेल्या हाडावरून डॉक्टरांना कोर्टात उत्तर द्यावं लागलं, असा आपल्या देशातला अगदी सुरुवातीचा आणि आजही प्रत्येक निकालात येणारा खटला याच किनाऱ्यावर सुरू झाला. मे १९५३. गुहागरजवळच्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर दीड मैलावर, खाट आणून त्याला घरी नेलं. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. मग टॅक्सीने सुमारे २०० मैलांचा, ११ तासांचा प्रवास करून आईने त्याला पुण्याला नेलं. तिथे सर्जननी भूल न देता, माणसं लावून जोराने पाय ओढून हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं. त्याच रात्री मुलगा गेला. चरबीची गुठळी रक्तात गेल्याने मृत्यू, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने ते मानलं नाही, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या निकालात डॉक्टरांचं अपील फेटाळलं. भरपाई ३,००० रुपये. त्या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: केस हाती घ्यायची की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कोणता उपचार द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणं आणि तो उपचार काळजीपूर्वक देणं. कौशल्य सर्वोच्च दर्जाचं असावं अशी अपेक्षा नाही, पण अगदी कमीही चालणार नाही. पाच महिने कागदावर मांडताना या तीन प्रश्नांसमोर मांडा.

कागद मिळवायचे कसे? वडिलांच्या सहीचा साधा मराठी अर्ज पुरतो. ‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्याकडे ॲडमिट होतो. माझ्या इनडोअर केसपेपरची सर्व पानं, ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद, नर्सिंग चार्ट, संमतीपत्र, तपासण्यांचे रिपोर्ट, एक्स-रे आणि बसवलेल्या प्लेट-स्क्रूचे स्टिकर यांच्या प्रती द्याव्यात.’ अर्ज हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ते जपून ठेवावे लागतात. दिले नाहीत, तर तो नकार हाच तुमच्या बाजूचा पुरावा होतो. मात्र या अर्जात आरोप करू नका, नुकसानभरपाईची भाषाही नको. आधी कागद, मग नोटीस. हा क्रम उलटा केला की कागदांत नंतरच्या शाईच्या ओळी दिसायला लागतात.

प्रती आल्या की प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. जुनं डिस्चार्ज कार्ड, मेडिकल स्टोअरची बिलं, दर भेटीची चिठ्ठी यांच्याशी तारखा ताडून पाहा. केसपेपरवर ‘जखम कोरडी’ लिहिलंय आणि त्याच दिवशी तुम्ही पाच दिवसांची अँटिबायोटिक इंजेक्शनं आणि ड्रेसिंगचं सामान विकत घेतलंय, हे बिलावरून दिसतं. जखमेचे फोटो व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवले असतील तर ती चॅट डिलीट करू नका, फोनही विकू नका. फोटो, त्याची तारीख आणि समोरून आलेलं ‘गोळ्या चालू ठेवा’ हे उत्तर एकत्र दिसलं की पुष्कळ काही सांगून जातं. असा डिजिटल पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करतील.

एक्स-रेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्या हवेत तेच आधी खराब होतात. पावसाळ्यात कपाटात एकावर एक ठेवलेल्या फिल्म चिकटतात आणि सोडवताना चित्र निघून येतं. आजच त्या वेगळ्या करा, मधे कोरडा कागद घाला, आणि खिडकीच्या उजेडासमोर धरून प्रत्येकीचा फोटो काढा. फिल्मच्या कोपऱ्यात नाव, तारीख आणि डावा-उजवा यांची खूण असते. फोटोत ती आली पाहिजे. मग तारखेप्रमाणे लावून पाहा. स्क्रूच्या भोवती काळसर कडा दिसायला लागली आहे का, प्लेट वाकली आहे का, मोडलेल्या फटीत नवं हाड धरतंय का? वाचणं डॉक्टरांचं काम, पण दोन एक्स-रेंमध्ये तीन महिन्यांचं अंतर असेल तर ते तुम्हालाही दिसेल. कोल्हापूरला काढलेली प्लेट मिळाली असेल तर ती न घासता, न धुता पिशवीत ठेवा.

तज्ज्ञाचं मत ही इथली सर्वात अवघड पायरी. जिल्ह्यातले ऑर्थोपेडिक सर्जन एकमेकांना ओळखतात आणि लेखी मत द्यायला सहसा कोणी तयार होत नाही. त्यासाठी पुण्या-मुंबईच्या मेडिकल कॉलेजमधून निवृत्त झालेले प्राध्यापक शोधावे लागतात. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव खटल्यात (२०१०) म्हटलं आहे, पण ते उजव्याऐवजी डाव्या पायाचं ऑपरेशन झालं अशा उघड चुकांना जास्त लागू पडतं. तुमच्या केसमध्ये मत घ्याच. सुदैवाने एक मत तुमच्याकडे आधीच आहे: कोल्हापूरच्या सर्जनची ऑपरेशन नोट. आत पू होता का, स्क्रू सैल होते का, किती हाड काढावं लागलं, कल्चरमध्ये कोणते जंतू आले, हे त्यांनी कोणाच्या विरोधात म्हणून लिहिलेलं नाही. म्हणूनच त्याला वजन आहे. त्यांना साक्षीला ओढायची घाई करू नका. आधी त्यांच्या कागदांच्या पूर्ण प्रती घ्या.

समोरून काय म्हटलं जाईल तेही घरी बसून मोकळेपणाने बोला. वडिलांना डायबेटिस आहे का? तंबाखू, विडी? निकोटिनने हाड जुळायला वेळ लागतो आणि हा मुद्दा येणारच. सांगितलेल्या तारखांना दाखवायला गेला होता का, की शेतीच्या दिवसांत दोन भेटी चुकल्या? पायावर जोर द्यायला मनाई असताना बागेत गेले का? आणि मधल्या काळात गावच्या हाडवैद्याकडे जाऊन पाला बांधला का? आपल्याकडे निम्म्या घरांत हे होतं आणि वकिलालासुद्धा सांगितलं जात नाही. सांगा. यातली एखादी गोष्ट झाली म्हणून दावा संपत नाही, पण उलटतपासणीत ती पहिल्यांदा बाहेर आली तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

‘तुम्ही संमतीपत्रावर सही केली आहे’ असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. समिरा कोहली निकालाप्रमाणे (२००८) उपचार कोणता, त्याला पर्याय काय, धोके काय हे समजावून दिलेली संमतीच खरी संमती. ऑपरेशनच्या पाच मिनिटं आधी इंग्रजी छापील फॉर्मवर घेतलेली सही फार कमी सिद्ध करते. आणि पूर्ण समजून केलेली सहीसुद्धा निष्काळजीपणाला दिलेली परवानगी नसते.

दावा सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे ओरोसला, दाखल करा. हॉस्पिटल कोल्हापूरला किंवा मुंबईला असतं तरी तुम्ही तिथेच करू शकला असता, कारण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगालाही अधिकार दिला आहे. कोकणातल्या रुग्णासाठी ही फार मोठी सोय आहे आणि अजून पुष्कळांना ती माहीत नाही. कोणत्या पातळीवरचा आयोग हे तुम्ही किती मागता यावर ठरत नाही, तुम्ही उपचाराला किती पैसे दिले यावर ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही. तक्रारदार वडील राहतील. तुम्ही त्यांच्या अधिकारपत्रावर हजर राहू शकता. समोरच्याने ४५ दिवसांत लेखी जबाब दिला पाहिजे, त्यापुढे मुदत मिळत नाही. निकालाला कायद्यात महिने सांगितले आहेत, तुम्ही वर्षं धरून चाला.

नोटीस गेली की डॉक्टर बोलणं बंद करतील. तो उद्धटपणा समजू नका. बहुतेकांचा व्यावसायिक विमा असतो आणि कंपनीला न विचारता चूक कबूल केली तर संरक्षण जाऊ शकतं. आयोगाच्या मध्यस्थीत विमा कंपनी येऊन बसली तर तडजोड होते, आणि वडिलांचं वय पाहता वाजवी तडजोड नाकारू नका असंच मी सांगेन.

हेच ऑपरेशन सगळ्यांनाच फुकट उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयात झालं असतं तर ग्राहक आयोग नाही. दिवाणी कोर्ट किंवा हायकोर्ट. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीसाठी हायकोर्ट ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचच्या रूपाने आलं आहे. मात्र खाजगी हॉस्पिटलमध्ये महात्मा फुले योजनेतून बिल भागलं असेल तर ‘तुम्ही पैसेच दिले नाहीत’ हे उत्तर मान्य करू नका. व्ही. पी. शांता निकालाने (१९९५) विमा कंपनीने भरलेल्या बिलाला मोबदला मानलं आहे. त्याच आधाराने योजनेबद्दलही मुद्दा मांडता येतो.

पोलिसांत जावं का? तुमच्या केसमध्ये नको. फौजदारी गुन्ह्याला अतिशय ढोबळ निष्काळजीपणा लागतो, आणि त्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जरूर करता येते, पण तिथे डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई होते, भरपाई मिळत नाही. आणि नातेवाईक, गाववाले घेऊन हॉस्पिटलमध्ये जाब विचारायला तर अजिबात जाऊ नका. २०१० च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांवर किंवा हॉस्पिटलवर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्याचा पाय गेला त्याच्याच मुलाला जामिनासाठी धावावं लागतं, हे फार वाईट असतं.

आता किती मिळतील. आकडा कागदांतून येतो. दुसऱ्या हॉस्पिटलची बिलं, औषधं, कोल्हापूरच्या फेऱ्यांच्या गाडीभाड्याच्या पावत्या, पुढे लागणाऱ्या उपचाराचा अंदाज, वेदना आणि अपंगत्व. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून घ्या. बुडालेलं उत्पन्न सिद्ध करणं आपल्याकडे सर्वात कठीण, कारण पगाराची स्लिप नसते. पण बागायतदाराकडे दुसरं असतं: वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (आंबा विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या), बागेचे करारनामे, फवारणीची बिलं, बँकेचं पासबुक. अपघाताआधीच्या तीन हंगामांच्या पट्ट्या आणि नंतरच्या हंगामाच्या शेजारी-शेजारी ठेवा. करार मोडावे लागले असतील तर त्या मालकांची प्रतिज्ञापत्रं घ्या. पाय मूळ अपघातातही मोडलाच होता, म्हणून आयोग सगळं नुकसान डॉक्टरांच्या माथी मारणार नाही. उशिरामुळे जे वाढलं तेवढंच धरेल. त्यामुळे सहा-सात लाखांचे पुरावे असताना ५० लाख मागू नका. वाढवलेल्या आकड्याने बाकीच्या मागणीकडेही संशयाने पाहिलं जातं. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि समोरचा अपिलात गेला, तर त्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते.

या आठवड्यात दोन कामं करा: पहिल्या हॉस्पिटलला कागदांचा अर्ज, आणि कोल्हापूरहून ऑपरेशन नोट व कल्चर रिपोर्ट. नंतर एका वहीत तारीखवार लिहा, दर भेटीला वडिलांनी काय सांगितलं आणि डॉक्टरांनी काय केलं. आईला आणि ड्रेसिंगला सोबत गेलेल्या प्रत्येकाला विचारून लिहा. ती वही आणि दोन्ही हॉस्पिटलचे कागद समोर असतील तर कोणताही जाणकार वकील एका बैठकीत सांगेल, तक्रार करण्यासारखी आहे की नाही.